पाळण्याआधी दाराची किल्ली

प्रिय मैत्रिणी,

तुझं सहा पानी पत्र मिळालं. हाताने लिहिलेलं, तेही इतकं नेटकं, की बाई किती दिवस हे मनात घोळवत होती ते अक्षरावरूनच कळलं. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून त्यातलं थोडक्यात सांगते.

तू मूळची सांगलीची, वय ३१. न्यूयॉर्कला नोकरीत भेटलेल्या चिनी-अमेरिकन मुलाशी लग्न होऊन एकवीस महिने झाले. राहता मॅनहॅटनच्या चायनाटाऊनमध्ये, सासऱ्यांच्याच इमारतीत, त्यांच्या वरच्या मजल्यावर. भाडं ते घेत नाहीत. सासूबाईंकडे तुमच्या घराची किल्ली आहे. दर मंगळवारी त्या सूपचा डबा घेऊन दार उघडून आत येतात आणि तू ते संपवेपर्यंत समोर बसतात. सासरे त्यांच्या आडनावाच्या संघाचे, म्हणजे एकाच आडनावाच्या चिनी घरांनी मिळून चालवलेल्या मंडळाचे, जुने पदाधिकारी, त्यामुळे गल्लीत सगळे ओळखतात. बेकरीवाली पावाची पिशवी देताना तुझ्या पोटाकडे बघते. लग्नाला बत्तीस टेबलांची मेजवानी होती, कोणी किती पैशांचं लाल पाकीट दिलं याची सासऱ्यांकडे वही आहे, आणि आता बाळ महिन्याचं झालं की द्यायच्या मेजवानीला कोणाकोणाला बोलवायचं याची बोलणीही सुरू आहेत. बाळाचा पत्ता नसताना. एका मावशींनी तर तुझ्या तोंडावर सांगितलं, मुलगा झाला की तू बाहेरची आहेस हे कोणाच्या लक्षातही राहणार नाही. नवरा म्हणतो, दुर्लक्ष कर.

तू मला दोन प्रश्न विचारलेस. सूप नको हे कसं सांगू, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनला घर घेऊन निघून जाऊ का. दोन्हींवर बोलू. पण पाचव्या पानाच्या तळाशी तू एक वाक्य लिहून घाईघाईने पुढे गेली आहेस: ‘हल्ली तो बाहेरच्या खोलीत सोफ्यावरच झोपतो, उशिरापर्यंत काम असतं म्हणून.’ कधीपासून, ते लिहिलं नाहीस. मी आधी तिथेच थांबणार आहे.

अगं, नवरा-बायको दोन खोल्यांत झोपत असतील तर पाळणा हलणार कसा? हे तुला टोचायला म्हणत नाही. उलट मला वाटतं, हे तुमच्या दोघांशिवाय कोणालाच माहीत नाही, आणि सगळी गल्ली मात्र तुझ्या पोटाकडे बघते आहे. हे ओझं तू एकटी वाहते आहेस. त्याला वाईट वाटेल म्हणून त्याच्याशी बोलत नाहीस, आणि त्याची लाज जाईल म्हणून घरच्यांना सांगत नाहीस.

माझं लग्न झालं तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. दहा बाय बाराची खोली, सासू-सासरे, धाकटा दीर आणि आम्ही दोघं. रात्री जेवणं आवरली की सासरे आणि दीर वळकट्या काखेत मारून गॅलरीत झोपायला जायचे, सासूबाई शेजारच्या मावशींकडे. आम्हाला एकांत मिळावा म्हणूनच, त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण त्या वळकट्या बाहेर जाताना अख्खा मजला बघायचा. बाहेर कोणी खोकलं तरी आत ऐकू यायचं, म्हणजे आतलं बाहेरही जात असणार. पहिले कितीतरी महिने आम्ही अंधारात आढ्याकडे बघत पडून राहिलो. सकाळी नळावर बायका हसून विचारायच्या, काय गं, पेढे कधी? आणि मला रडू यायचं. तेव्हा मला वाटायचं की माझ्यातच काही कमी आहे.

पुढे आम्ही न्यूयॉर्कला गेलो आणि मॅनहॅटनच्या दक्षिण भागात एका दवाखान्यात मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम केलं. तिथे कितीतरी चिनी जोडपी यायची, शेजारी दुभाषी बाई बसायची. फुजियान प्रांतातून आलेल्या अशा घरांची एक ठरलेली कहाणी असायची. नवरा दुसऱ्या राज्यात कुठल्यातरी हॉटेलच्या स्वयंपाकघरात, ईस्ट ब्रॉडवेवरून सुटणाऱ्या बसने जायचा आणि आठवड्यातून एका दिवसापुरता घरी यायचा, तोही झोपण्यापुरता. बायको इथे एकटी. गावाहून सासूचा फोन, अजून काही नाही? मग बायको एकटी तपासणीला यायची. औषध मागायची. महिन्यातले किती दिवस दोघं एकत्र असता, हा प्रश्न विचारला की खोलीत शांतता पसरायची. तो प्रश्न तोवर घरातल्या कोणीही विचारलेला नसायचा.

म्हणून पहिलं काम सूपचं नाही, सोफ्याचं. कधी बोलायचं तेही सांगते. मंगळवारी नको. रात्री अंथरुणावर तर नकोच. रविवारी दुपारी घराबाहेर पडा, पूल ओलांडून ब्रुकलिनच्या बाजूला चालत जा, आणि चालता चालता बोला. समोरासमोर बसून जे जमत नाही ते शेजारी चालताना जमतं. त्याला सांग, मला आत्ता मूल नको, मला तू खोलीत परत हवा आहेस. तीन महिने मुलाचा विषय दोघांत काढायचा नाही असं ठरवा, तारखा मोजायच्या नाहीत, बाहेर कोणी विचारलं तर दोघांनी एकच उत्तर द्यायचं. एवढं करूनही तो खोलीत आला नाही, किंवा आला आणि काही जमेना, तर दोघांनी मिळून डॉक्टरकडे जा. दोघांनी, हे अधोरेखित कर. अवघडलेल्या मनाने पुरुषाचं शरीर साथ देत नाही, हे अगदी नेहमीचं आहे, त्याला उपाय आहेत आणि त्यात नामुष्की नाही. वंध्यत्वाचा विचार डॉक्टर करतात तो कधी, तर कोणतंही साधन न वापरता नियमित संबंध असताना वर्षभरात दिवस गेले नाहीत तर, आणि बाईने पस्तिशी गाठली असेल तर सहा महिन्यांनी. तुमच्या बाबतीत ते वर्ष अजून मोजायलाच सुरुवात झालेली नाही. आणि पुढे तपासण्या करायची वेळ आलीच, तर त्याची तपासणीही पहिल्याच फेरीत होऊ दे. ती सोपी असते, तरी घरोघरी सगळ्यात शेवटी होते.

आता सासरच्यांबद्दल. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण तुझ्या पत्रात त्यांच्याबद्दल राग आहे तसं कुतूहलही आहे. नाहीतर नवऱ्याच्या पणजोबांच्या लाँड्रीबद्दल तू पाऊण पान लिहिलं नसतंस.

ही माणसं मूळची दक्षिण चीनमधल्या तायशानची, आणि तिथली पुरुषमाणसं अमेरिकेला सोन्याचा डोंगर म्हणत. १८७५ च्या कायद्याने चिनी बायकांना इथे येणं जवळपास अशक्य झालं. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी आली. जे आधीच आले होते ते इथे अडकले आणि त्यांच्या बायका तिकडे गावात. १८९० साली अमेरिकेत एका चिनी बाईमागे सुमारे २७ चिनी पुरुष होते. एका पिढीचं नव्हे, दोन-तीन पिढ्यांचं आयुष्य असं गेलं. तू लिहितेस, पणजोबा चाळीस वर्षं लोकांचे सदरे धूत राहिले आणि पणजीला त्यांनी लग्नानंतर तीनदा पाहिलं. चायनाटाऊनच्या मॉट स्ट्रीटवरचं ते दुःख कोणा एकट्याचं नव्हतं, जवळजवळ प्रत्येक खोलीतलं होतं. आडनावांचे संघ त्यातूनच मोठे झाले. आजारी पडलं तर कोण बघणार, मेलं तर हाडं गावी कोण पाठवणार, दुकान काढायला भिशी कोण लावणार? घर नव्हतं, म्हणून संघच घर झाला.

आजेसासरे आले ते ‘कागदी मुलगा’ म्हणून. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतल्या जन्मनोंदी जळाल्या, तेव्हा अनेक चिनी पुरुषांनी आपला जन्म इथलाच असल्याचा दावा केला. नागरिकाची मुलंही नागरिक, म्हणून गावात नसलेले मुलगे कागदावर दाखवले गेले आणि त्या जागा विकल्या गेल्या. विकत घेतलेल्या नावाचं पोर बोटीतून उतरलं की अधिकारी विचारायचे, तुमच्या घराला पायऱ्या किती, विहीर कुठल्या दिशेला, शेजाऱ्याला मुलं किती. पोरं ती उत्तरं प्रवासात पाठ करायची. म्हणजे तुमच्या टपालपेटीवरचं आडनाव एका परक्या माणसाने दिलेलं आहे. खरं आडनाव फक्त संघाच्या सभेत आणि थडग्यावर.

१९४३ साली बंदी उठली, पण चिनी माणसांसाठी वर्षाला जागा किती, तर १०५. दुसऱ्या महायुद्धात लढून आलेल्यांना आणि इतर चिनी-अमेरिकन नागरिकांना बायका आणण्याची वाट मोकळी झाली ती युद्ध संपल्यावर, १९४६ च्या आसपास. तेव्हा हजारो स्त्रिया आल्या. त्यांतच तुझ्या आजेसासूबाई. आणि मग त्या इमारतीत, तुझ्याच शब्दांत, ‘पहिलं बाळ’ जन्मलं. ते बाळ म्हणजे तुझे सासरे.

हे वाक्य वाचून मी थांबले. जरा डोळ्यांपुढे आण. पाच मजली इमारत, खोल्याखोल्यांत साठी-सत्तरीचे एकटे पुरुष, स्वतःची मुलं कडेवर न घेतलेले. आणि जिन्यात एक तान्हं पोर रडतंय. तू लिहितेस की सासरे आजही सांगतात, लहानपणी ते जिना चढताना प्रत्येक दार उघडायचं आणि कोणीतरी हातावर काहीतरी ठेवायचं, चिंचेची गोळी, नाणं, नवीन वर्षाला लाल पाकीट. त्या माणसाच्या लेखी मूल ही खासगी गोष्ट नाहीच. तो स्वतः अख्ख्या गल्लीचं मूल होता. बेकरीवाली पोटाकडे बघते त्यात चांभारचौकशी असेलही, पण त्या गल्लीला मुलांची वाट बघण्याची जुनी सवय आहे, आणि ती भुकेतून आलेली आहे.

हे समजून घे, म्हणजे राग थोडा उतरेल. पण ते फेडणं तुझ्या अंगावर नाही. ज्या कायद्यांनी त्या बायकांना दूर ठेवलं त्यांची भरपाई सांगलीच्या मुलीने आपल्या पोटाने करायची, असं होत नाही. आणि त्या मावशींचं बोलणं तर मनातून काढूनच टाक. मूल म्हणजे घरात शिरण्याचा परवाना नव्हे. ज्या घराचं आडनावच कागदाने आलं, त्या घराला रक्ताशिवायही माणूस आपलं होतं हे कोणी शिकवायची गरज नाही. तसंही तुझ्या सासरच्या गल्ल्यांत बाहेरची सून ही नवलाई नाही. एकोणिसाव्या शतकात तिथे आलेल्या कितीतरी चिनी पुरुषांनी आयरिश मुलींशी लग्नं केली होती.

लग्नाच्या रात्री चादरीखाली वाळकी लाल बोरं, शेंगदाणे आणि कमळाच्या बिया निघाल्या, आणि परवा गादी उचलताना त्यातलं एक बोर सापडलं, ते लिहिताना तू जरा चिडलेली दिसतेस. त्यांच्या भाषेत बोर आणि ‘लवकर’ या शब्दांचा उच्चार एकच आहे, म्हणून ते ठेवतात. तुझ्या आईने निघताना तुझी ओटी भरली होती ना? तांदूळ, नारळ, खण. मागणं तेच आहे. ते बोर फेकू नकोस, डबीत ठेव.

सूपचं सांगते. त्यात कोंबडी, आलं, लाल बोरं असतील तर आनंदाने पी, पौष्टिक असतं. पण चिनी घरांत बायकांच्या सुपात दाँगक्वाय नावाची मुळी घालतात, ती मात्र औषध आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांबरोबर ती चालत नाही आणि दिवस गेल्यावरही टाळायला सांगतात. तेव्हा काय काय घालता ते एकदा सासूबाईंबरोबर उभं राहून लिहून घे आणि ती यादी डॉक्टरांना दाखव. ‘डॉक्टरांनी एवढं एक वगळायला सांगितलंय’ हे ऐकून कोणाचा अपमान होत नाही. आणि लिहून घेताना त्यांना त्यांच्याबद्दल विचार. त्या १९७९ साली आल्या आणि शिवणकामाच्या कारखान्यात लागल्या असं तू म्हणतेस. १९८२ च्या उन्हाळ्यात चायनाटाऊनच्या सुमारे वीस हजार शिवणकामगारांनी संप केला, बहुतेक सगळ्या बायका, आणि कोलंबस पार्क भरून गेलं होतं. त्यात त्या होत्या का, विचार. ज्या बाईने दिवसभर मशीन चालवून मूल वाढवलं, तिच्याकडे तुला सांगण्यासारखं सुपापलीकडेही बरंच असणार. आजवर तुमच्यात दुसरा विषयच नाही, म्हणून तो एकच विषय निघतो.

किल्ली मात्र परत घ्यायची. इथे मी नरम पडणार नाही. घरात कोणी कधीही येऊ शकतं हे माहीत असताना कोणत्याही जोडप्याला दार लावल्यासारखं वाटत नाही, आणि तुझा नवरा सोफ्यावर गेला त्यात या किल्लीचा वाटा आहे असं माझं मन सांगतं. पण ती तू मागायची नाहीस. मुलाने मागायची. तू मागितलीस तर ‘परकी सून घर तोडतेय’ असं होईल, आणि तो ‘दुर्लक्ष कर’ म्हणत मधेच लटकत राहील. दुर्लक्ष कर हे उत्तर त्याला सोयीचं आहे, कारण मंगळवारी समोर बसलेल्या सासूबाईंकडे दुर्लक्ष तुला करायचं असतं, त्याला नाही. हे त्याला याच शब्दांत सांग.

कसं मागायचं? जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांसमोर अजिबात नाही. त्यांच्याकडे चारचौघांत मान राहणं किती मोठं आहे ते तू बघतेसच, आणि आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? त्याने वडिलांना एकट्यांना सकाळी याम-चाला, म्हणजे चहा-नाश्त्याला, घेऊन जावं, ते जिथे रोज बसतात तिथे नको, दोन गल्ल्या सोडून. चहा आधी वडिलांच्या कपात ओतावा, दोन्ही हातांनी. आधी जिन्यातल्या त्या म्हाताऱ्यांबद्दल विचारावं. मग म्हणावं, ‘बाबा, तुमच्या लहानपणी प्रत्येक दार उघडायचं, पण ते आतून कोणीतरी उघडायचं. आमचं दारही आम्हाला आतून उघडू द्या.’ हे वाक्य मी तयार करून दिलंय, त्याने त्याच्या भाषेत बसवावं. मुलाबद्दल एवढंच सांगावं की आमचं आम्ही बघतोय, बातमी असेल तेव्हा पहिल्यांदा तुम्हालाच कळेल, तोवर संघात कोणी विचारलं तर ते तुम्ही सांभाळून घ्या. सासऱ्यांना हे काम द्या. ज्या माणसाची गल्लीत इतकी ऊठबस आहे, त्याने एकदा ‘घाई नाही’ म्हटलं की बेकरीवालीसुद्धा गप्प बसेल. तू शंभर जणांना उत्तरं देत बसण्यापेक्षा ते सोपं आहे.

त्याच बैठकीत भाड्याचा विषयही काढावा. दोघं कमावता, मग थोडं तरी भाडं द्या. ते नको म्हणतील. तरी दर महिन्याला पाकिटात घालून द्या, लाल पाकिटात घातलं तर नाकारणं त्यांना जड जाईल. फुकट घराची किल्ली मागताना जीभ अडखळते, भाडं भरणाऱ्याची अडखळत नाही.

आता एडिसन. तिथे आपली माणसं आहेत, ओक ट्री रोडवर पोहे-मेतकूट मिळतं, मराठी बोलायला मिळतं, मला कळतं. पण आत्ताच्या अवस्थेत जाऊ नका. सोफाही बरोबर येईल. शिवाय आज तू जशी तिथे एकटी पडली आहेस तसा तो तिकडे पडेल, आणि तिथल्या हळदीकुंकवातही ‘काय गं, गोड बातमी?’ विचारणाऱ्या काकू असतातच. आधी तीन महिने जाऊ देत, किल्ली परत येऊ दे. मग दोघांनाही हवं असेल तर ब्रुकलिन किंवा क्वीन्समध्ये ट्रेनने अर्ध्या तासावर घर बघा. रविवारी येता येईल इतकं जवळ, आणि मंगळवारचं सूप गार होईल इतकं लांब.

सांगलीच्या आईचंही तू लिहिलंस, की तीही रोज रात्री फोनवर तेच विचारते आणि वर म्हणते, ‘ते चिनी लोक काय म्हणतील?’ तिला सोफ्याचं सांगू नकोस, ती झोपणार नाही. पण ‘आई, हा विषय मी काढेन तेव्हा काढू’ एवढं स्पष्ट सांग. जे तू नवऱ्याने त्याच्या आईबापांना सांगावं असं म्हणतेस, ते तुला तुझ्या आईला सांगता आलं पाहिजे.

चिनी नवीन वर्ष जवळ आलंय. लग्न झालेल्यांनी लहानांना आणि बिनलग्नाच्यांना लाल पाकिटं द्यायची असतात, तेव्हा दोघांनी मिळून ती भरा, कोऱ्या नोटा बँकेतून आधीच आणून ठेवा. दारोदार जाताना प्रश्न येणारच. उत्तर देण्याचं काम त्याचं, तू हसून पाकीट पुढे करायचं.

किल्ली हातात आली की मला दोन ओळी लिही. आणि त्याआधीच सोफ्यावरची उशी आत आली, तर ते पहिल्या ओळीत लिही.

तुझी,
ताई